बासी ठेवली का?

"बासी ठेवली का?"

आमच्या ऑफिसात सकाळी हजेरीपटावर सह्या झाल्या की आमच्या बाई हा प्रश्न विचारत टेबलाटेबलावरून फिरायच्या. बदलून आलेल्या नव्या माणसाला वाटायचं, बाई खाण्यापिण्याची चौकशी करताहेत. आमच्या गोंदियाच्या भागात रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजवून ठेवतात आणि सकाळी मीठ-कांद्याशी खातात, त्याला बासी म्हणतात. नागपूरहून आलेल्या एका लिपिकाने पहिल्याच दिवशी संकोचून सांगितलं होतं, "नाही हो बाई, मी पोहे खाऊन आलो." बाईंना हसूही आलं नाही.

"पोटातली नाई विचारून राहिली," त्या म्हणाल्या. "मशीनमधली."

मशीनमधली बासी म्हणजे कालची प्रत. आज फाइलला हात लावण्याआधी कालची फाइल जशी होती तशी, तारीख घालून बाजूला ठेवायची आणि मग ताज्या फाइलवर काम सुरू करायचं. आज काही बिघडलं तरी कालचं शाबूत राहतं. ताजा भात करपला तर माणूस बासीवर दिवस काढतो, यापलीकडे त्यांनी या सवयीचं कारण कधी कोणाला सांगितलं नाही, आणि खरं तर त्यापलीकडे काही कारण नव्हतंही.

ऑफिस कोणतं ते सांगत नाही. सालेकसाच्या बाजूचं, जंगल आणि धानाच्या बांध्यांमधलं एक सरकारी ऑफिस, एवढं पुरे. बाई तिथे टंकलेखिका होत्या. राहायच्या फुलचूरला. रोज सकाळी गोंदिया स्टेशनवरून गाडीने यायच्या. उंचीने बुटक्या, आवाज बारीक, पण बोलणं असं की समोरच्याला दुसऱ्यांदा विचारायची गरज पडू नये. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. त्यांचं नाव मी या लेखात कुठेच लिहिणार नाही. का, ते शेवटी कळेल.

संगणक आला तेव्हा, म्हणजे १९९९ साली, मी त्या ऑफिसात नवा होतो. माझ्याजवळ गोंदियातल्या एका क्लासचं तीन महिन्यांचं प्रमाणपत्र होतं, त्यामुळे संगणकाचा जाणकार मीच, असं मी धरून चाललो होतो. बाईंजवळ वीस-बावीस वर्षांचा टाइपरायटरचा अनुभव आणि दहावीपर्यंतचं इंग्रजी. यंत्र खोक्यातून काढून टेबलावर मांडलं गेलं. बाईंनी सगळं नीट पाहून घेतलं, माउस हातात घेऊन दोनदा उलटासुलटा केला आणि विचारलं, "हे नसलं त मशीन चालते का?"

मी म्हटलं, चालेल, पण मग सगळं बटणांनी करावं लागेल, ते फार कठीण असतं.

"बटनं त मी जन्मभर दाबून राहिली," असं म्हणत त्यांनी माउस ड्रॉवरमध्ये टाकला. वर एक जुना हातरुमाल घातला. त्या दिवसापासून त्यांच्या यंत्राचा उंदीर बिळातच राहिला. साहेब तपासणीला आले तरच बाहेर निघायचा.

मी महिनाभर मनातल्या मनात हसत होतो. मग एकदा एकच यादी दोघांना टाइप करायला आली, अर्धी त्यांना, अर्धी मला. मी माउस धरून रकाने रंगवत, वर-खाली सरकत, मेनू उघडत होतो. बाईंचे दोन्ही हात कळफलकावरून उठतच नव्हते. ठळक करायचं तर दोन बोटं, रकाना बदलायचा तर एक, छापायचं तर दोन. माझी अर्धी यादी अर्धी व्हायच्या आत त्यांची छापून टेबलावर आली. वर त्यांनी मला विचारलं की माझा हात सारखा उजवीकडे कायले पळून राहिला, तिकडे कोणी बोलावते का. मी निमूटपणे त्यांच्याकडून ती बटणं शिकलो. शिकताना मनात कडवटपणा होता, हेही सांगून टाकतो. मी दवनीवाड्याचा. आमचं घराणं शेतकऱ्यांचं, आमचे पूर्वज तलाव बांधणारे असं आम्ही येताजाता ऐकवणारे. बाई बौद्ध घरातल्या, त्यांचे वडील मजूर. माझ्या वयाच्या सुशिक्षित माणसाच्या मनात जात यावी याची आज लाज वाटते. त्यांच्या हे लक्षात आलं नसेल असं नाही. पण त्यांनी शिकवताना एकही बटण लपवून ठेवलं नाही.

त्यांच्या सवयी म्हटल्या तर अगदी साध्या. पूर्णविराम दिला की लगेच कंट्रोल एस. त्यांच्या हाताला हे इतकं बसलं होतं की टिंब आणि ती दोन बटणं मिळून एकच आवाज यायचा. आमच्याकडे तेव्हा दिवसातून कितीदा लाइन, म्हणजे वीज, जाईल याचा नेम नव्हता. लाइन गेली की साऱ्या ऑफिसातून "अरे यार" असा सूर उठायचा आणि बाई शांतपणे पदराने वारा घेत बसायच्या. त्यांचं फार तर अर्धं वाक्य गेलेलं असायचं.

फाइलचं नाव ठेवताना आधी गाव, मग विषय, मग तारीख. माझ्या पडद्यावर तेव्हा 'नवीन', 'नवीन एक', 'फायनल', 'फायनल दोन' आणि 'खरी फायनल' अशा फाइली शेजारी शेजारी नांदत होत्या. तुमच्याही पडद्यावर असतील, मला माहीत आहे. बाईंनी एकदा त्या वाचल्या आणि विचारलं की घरी पाच पोरं असती तर त्यांना अशाच हाका मारल्या असत्या का.

डोळ्यांना विसावा द्यायला त्यांना घड्याळ लागत नसे. आमच्या ऑफिसामागून रेल्वेची लाइन जाते. गाडीचा आवाज आला की बाई पडद्यावरून नजर काढून खिडकीतून गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत बघत राहायच्या. मालगाडी असली तर विसावा लांबायचा. साहेब काही बोलले तर म्हणायच्या, "गाडीले सांगा ना जी, लवकर जा म्हना."

आणि शेवटची सवय, जिच्यामुळे हा लेख लिहितो आहे. मधेच पडद्यावर काही विचारणारी चौकट उघडते, त्याला बाई 'डबा' म्हणायच्या. डबा आला की त्यांचे हात थांबायचे. त्यांच्याजवळ एक लांबट वही होती. डब्यातलं इंग्रजी त्या वहीत जसंच्या तसं उतरवायच्या, घरी जाऊन शब्दकोशातून अर्थ लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याखाली मराठीत लिहायच्या. 'हे बदल ठेवू का?' 'ही फाइल आधीपासून आहे, तिच्यावर लिहू का?' असे शंभरेक डबे त्या वहीत मराठीत बसले होते. आम्ही बाकीचे डबा दिसला की सरळ एंटर मारायचो. आम्हाला इंग्रजी येत होतं ना, म्हणून आम्ही वाचत नव्हतो. बाईंना येत नव्हतं, म्हणून त्या वाचायच्या.

"आधी वाच, मंग दाब," हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल, त्याची गणती नाही.

आता त्या दिवसाकडे येतो. दहाएक वर्षं लोटली होती, माझ्या कपाळाचा विस्तार वाढला होता. वनहक्काच्या दाव्यांची कामं जोरात होती. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या लोकांना त्या जमिनीचा हक्काचा कागद मिळायचा होता. गावोगावच्या समित्यांनी अर्ज भरून पाठवले होते आणि त्यांची एकत्र यादी टाइप करून जिल्ह्याच्या बैठकीसाठी द्यायची होती. कागद नवरा-बायको दोघांच्या नावाने निघणार, म्हणून प्रत्येक ओळीत 'पती' लिहून त्याचं नाव, 'पत्नी' लिहून तिचं नाव, मग गाव. अर्जावरचं नाव आणि यादीतलं नाव जुळलं नाही तर दावा परत. परत म्हणजे पुढची बैठक कधी, ते कोणी सांगू शकत नव्हतं. यादीची फाइल माझ्याकडे होती.

त्याच सुमारास पश्चिमेकडून एक नवे साहेब आले होते. माणूस सज्जन, पण भाषेचा फार कडक. आमच्या भागात बोलताना 'ण' उच्चारायची पद्धत नाही. आम्ही पानी म्हणतो, कोन म्हणतो. बोलतो तसंच लिहिण्यातही उतरतं. बाईंची गंमत अशी की जिभेवर 'न' आणि बोटांत 'ण'. बोलतील पानी, टाइप करतील पाणी, त्यात कधी चूक नाही. माझं तसं नव्हतं. यादीसोबतच्या पत्रात मी 'पडताळनी', 'नोंदनी', 'मोजनी' असं टाइप केलं होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर ते मोठ्याने वाचलं. मग माझा रजेचा अर्ज काढला आणि त्यातल्या माझ्या गावाच्या नावावर लाल पेनने दवणीवाडा करून मला म्हणाले, "निदान स्वतःच्या गावाचं नाव तरी शुद्ध लिहा." त्यानंतर ते दाव्यांच्या अर्जांचा गठ्ठा जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या ठिकाणी निघून गेले. यादी दुसऱ्या दिवशी सकाळी मागून पाठवायची होती.

माझ्या अंगाची आग होत होती. पत्र आणि यादी एकाच फाइलमध्ये, पहिल्या पानावर पत्र, पुढे यादी. मी पत्राचा मजकूर निवडला आणि यंत्राला सांगितलं, जिथे 'नी' असेल तिथे 'णी' कर. पडताळणी झाली, नोंदणी झाली, मोजणी झाली. एक डबा आला. मी एंटर मारला. बोटं सवयीने कंट्रोल एसवर गेली. तेवढ्यात लाइन गेली.

लाइन आली तेव्हा दोन वाजले होते. फाइल उघडली. पत्र झकास झालं होतं. मग सहज पुढचं पान पाहिलं. प्रत्येक ओळीत 'पत्णी'. धनीराम धणीराम झाला होता, सुनीता सुणीता, नीलकंठ णीलकंठ, भवानी भवाणी. डब्याने मला विचारलं होतं, निवडलेल्या भागात शोधून झालं, उरलेल्या कागदातही शोधू का? आणि मी न वाचता हो म्हटलं होतं.

मी काय केलं असेल, तुम्ही ओळखलंच असेल. उलटं केलं. सगळ्या 'णी'चं 'नी'. आणि परत सवयीने जतन. पत्नी ताळ्यावर आली, धनीराम आला. पण यादीत ज्या खऱ्याच रुक्मिणी होत्या त्या आता रुक्मिनी झाल्या. मनीराम नावाचे बरेच होते आणि मणीरामही होते, आता सगळे मनीराम. कोण मुळात कोण होता, ते यंत्रालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. अर्ज जीपमध्ये.

बाई शेजारच्या टेबलावर होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "काऊन, काय झालं?"

मी सगळं सांगितलं. वर त्यांच्यावरच उखडलो, की तुमच्या त्या कंट्रोल एसनेच घात केला.

"म्हनून त बासी," त्या म्हणाल्या. "ठेवली ना?"

रोज सकाळी त्या विचारत होत्या आणि रोज सकाळी मी हो म्हणत होतो. गेले पंधरा दिवस ते हो खोटं होतं. एवढ्याशा कामाचा कंटाळा, दुसरं काही नाही. खाली मान घालून मी तेही सांगितलं. त्यांनी रागावावं असं मला फार वाटत होतं, पण त्या रागावल्या नाहीत. आपल्या पिशवीतून सुपारीची एक जुनी डबी काढली. डबीत पेनड्राइव्ह होता.

त्यांची गाडी ऑफिसच्या वेळेआधी पाऊण तास पोचायची. त्या पाऊण तासात त्या रोज सगळ्या यंत्रांवरची बासी त्या डबीत ठेवत होत्या. माझ्याही. मला एकदाही कळलं नव्हतं.

"तुम्हीच ठेवत होतात, तर मग रोज विचारत कायले होतात?" मी म्हटलं.

"मी का जन्मभर तुह्या बाजूले बसून राहीन का, भाऊ?"

त्या डबीतून कालपर्यंतची यादी जशीच्या तशी निघाली. न-ण जागच्या जागी. उरलं फक्त त्या दिवशी सकाळी मी टाइप केलेलं शेवटचं गाव, जंगलातलं, चाळीसेक ओळींचं. त्या गावाच्या समितीच्या सचिवाजवळ अर्जांच्या प्रती होत्या. त्याला फोन लावला. गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर मिळायची, तो प्रतींचा गठ्ठा घेऊन पाळीवर येईपर्यंत तीन वाजले. बाईंनी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि हात कळफलकावर ठेवले.

पहिलंच नाव आलं मनीराम.

बाईंनी विचारलं, नळाचा न का बाणाचा ण?

"बानाचा न," सचिव म्हणाला. "नाई त नळाचा. दोनी एकच त हाय, बाई."

मला हसू फुटलं. बाईंनी डोळे वटारून मला गप्प केलं आणि जराशा विचारात पडल्या. आमच्या माणसाच्या कानाला जो फरक ऐकू येत नाही तो विचारायचा कसा? मग त्यांना सुचलं. त्यांनी सचिवाला सांगितलं की म्हणून दाखवू नको, कागदावर पाहून सांग. अक्षराची शेवटची काडी जोडून आहे की सुटी आहे?

"जोडून हाय."

"मंग न."

पुढे दोन तास असेच गेले. जोडून हाय, जोडून हाय, सुटी हाय. बाईंची बोटं चालत होती, मी प्रत्येक ओळ परत मोठ्याने वाचत होतो आणि पलीकडून तलावावरचा वारा फोनमध्ये घोंगावत होता. एका अर्जावर पाणी सांडून पत्नीच्या नावाची शाई फुटली होती. सचिव म्हणाला, लिहून टाका काहीतरी फुलनी, फगनी, चालते.

"चालत नाई," बाई म्हणाल्या. "तिले विचार."

ती बाई पाळीखालीच मासे पकडत होती म्हणे. सचिवाने हाक मारली. थोड्या वेळाने फोनवर एक दमलेला, घाबरलेला आवाज आला. नाव विचारलं तर आधी नवऱ्याचं सांगितलं. बाई म्हणाल्या, त्याचं लिहून झालं, तुझं सांग.

"फगनी."

"फगनीबाई लिहू का नुसतं फगनी?"

मग तिने विचारलं, "माह्यं नाव येईन का जी त्या कागदावर?"

बाईंचे हात कळफलकावरून उठले. इतक्या वर्षांत डबा आल्याशिवाय किंवा गाडी आल्याशिवाय ते उठलेले मी पाहिले नव्हते.

"येईन," त्या म्हणाल्या. "तू सांगशीन तसंच येईन."

"मंग नुसतं फगनी."

शेवटची ओळ झाली, पत्रातले 'ण'ही मी एकेक करून हाताने घातले, तेव्हा उन्हं कलली होती आणि बाईंची रोजची गाडी निघून गेली होती. पुढच्या गाडीला वेळ होता. आम्ही चहा घेत बसलो होतो आणि बाईंनी कधी नव्हे ते स्वतःहून सांगायला सुरुवात केली. त्या जन्मल्या त्याच्या थोडं आधी, छप्पन साली, त्यांच्या वडिलांनी धम्म घेतला होता. मुलगी झाली तेव्हा वडिलांनी विहारात विचारून विचारून एक चांगलं, नवं नाव ठेवलं. शाळेत घालायला नेलं तर मास्तर ते नाव ऐकून हसला. तुमच्यात असली नावं कधीपासून, असं म्हणाला आणि आपल्या मनाने दुसरंच एक नाव रजिस्टरमध्ये लिहिलं. ते कोणतं, ते बाईंनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दहावीपर्यंत त्याच नावाला त्यांनी 'हजर' म्हटलं. टायपिंगच्या क्लासला गेल्या त्या पहिल्यांदा स्वतःच्या नावाच्या बदलाचा अर्ज टाइप करण्यासाठी. पोट भरण्यासाठी जाणं नंतरचं. तो अर्ज त्यांनी अकरा वेळा टाइप केला, एकही खोडाखोड नको म्हणून.

"नाव त्या मानसाचं राह्यते, भाऊ," त्या म्हणाल्या. "आपलं काम नुसतं लिहाचं. आपन सुदरवाचं नाई."

मग त्यांनी ती लांबट वही माझ्यासमोर सरकवली. तो डबा माझ्या अक्षरात उतरवायला लावला. वर इंग्रजी, खाली मराठी: 'निवडलेल्या भागात शोधून झालं. उरलेल्या कागदातही शोधू का?' त्याच्याखाली उत्तरासाठी एक ओळ मोकळी ठेवायला सांगितली आणि ती त्यांनी स्वतः भरली: 'नाही. आधी विचारून येतो.'

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी घेऊन मीच गेलो. साहेबांनी पत्र वाचलं, पडताळणी पाहून खूश झाले. मी त्यांना काल काय झालं ते सांगून टाकलं, खोट्या बासीसकट. यादीतली पानं उलटता उलटता मध्येच त्यांनी विचारलं की हे एक मणीराम आणि एक मनीराम कसे, चूक आहे का. मी म्हटलं, "नाही साहेब, ती दोन माणसं आहेत. दोघांची नावं अर्जावरून विचारून घेतली आहेत." त्यांनी पेन खाली ठेवलं. आठवड्याने माझा रजेचा अर्ज परत आला तेव्हा लाल पेनने केलेला दवणीवाडा निळ्या पेनने पुन्हा दवनीवाडा झालेला होता, बाजूला साहेबांची बारीकशी सही. बाईंनी त्यांना काही सांगितलं का, विचारलं तर त्या म्हणाल्या, मी कायले सांगीन, त्यांले वाचता येते.

त्या यादीतला एकही दावा नावापायी परत आला नाही. हे मी छाती पुढे काढून सांगतो. सरकारी नोकरीत छाती पुढे काढायचे प्रसंग फार येत नाहीत, आला तो सोडू नये.

कागद वाटपाचा कार्यक्रम पुढे काही महिन्यांनी झाला. मंडप, हार, भाषणं. बाई सगळ्यांत मागे, खांबाजवळ उभ्या होत्या. कार्यक्रम संपत आला तसं एक हडकुळी बाई कागद छातीशी धरून कोणाला तरी शोधत मागे आली. आवाजावरून तिने ओळखलं असावं, कारण आमच्या बाई तेव्हा चपराश्याला दम भरत होत्या. तिने कागद पुढे धरून विचारलं, "कुठं हाय?" आमच्या बाईंनी तिचं बोट हातात घेतलं आणि त्या नावावर टेकवलं. त्या फगनीने ते बोट कितीतरी वेळ उचललं नाही. मी बाजूला उभा होतो. आमच्या बाईंचा मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या घरच्या तलावांचा कधी वाटला नाही.

बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाचं मानपत्र टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. मी सगळा मजकूर तयार केला आणि नावाची जागा कोरी ठेवून त्यांच्याकडे गेलो. त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. त्यांनी माझा माउस उचलून बाजूला ठेवला, स्वतःचं नाव स्वतःच टाइप केलं, वाचून पाहिलं, कंट्रोल एस केलं. मग उठता उठता म्हणाल्या, "बरं केलं इचारलं. पुढंही कुठं लिहाचं असन त आधी मले विचारजो." वही आणि सुपारीची डबी त्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. ड्रॉवरमधला माउस मी काढून पाहिला. पंधरा वर्षांत त्याच्यावरचा प्लास्टिकचा कागदही निघाला नव्हता.

त्या वारल्या त्याला आता काही वर्षं झाली. फुलचूरला त्यांच्या घरी गेलो तेव्हा दारावरच्या पाटीवर त्यांचंच नाव होतं, अक्षर न् अक्षर बरोबर. ऑफिसात आता यंत्रं नवी आहेत, लाइन फारशी जात नाही, प्रती आपोआप राहतात असं नवी पोरं मला समजावून सांगतात. मी मान डोलावतो आणि सकाळी पाऊण तास आधी येतो. सह्या झाल्या की टेबलाटेबलावरून फिरून विचारतो. नवीन माणूस म्हणतो, नाही साहेब, मी नाश्ता करून आलो.

हा लेख लिहायला चार दिवस लागले. रोज सकाळी आधी कालची बासी ठेवली, मग पुढे लिहिलं. आज सगळं वाचून काढलं. वर शीर्षकाखाली त्यांचं नाव घालावं असं फार वाटत होतं आणि ते मला अचूक लिहिता येतं. पण विचारायचं कोणाला? म्हणून ती जागा कोरी ठेवली आहे.